स्वयम् नावाचा नातेवाईक

आगाशी,
७ ऑगस्ट १९९९

चि. एकनाथ यास लीलाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आहे की शोभेची वस्तू? महिनाभर फिरवते आहे. वाजतो, वाजतो आणि दमून गप्प होतो. तुझ्यामाझ्यात काही समुद्र नाही, दोन बसगाड्या आहेत, तरी सख्ख्या मावसभावाला पोस्टाने गाठावं लागतंय.

तुमच्या सोसायटीतल्या त्या रमेशरावांचं इथे बाजारात कानावर आलं. चार दिवस दाराबाहेर दुधाच्या पिशव्या साठत होत्या म्हणे. आत माणूस गेलेला आणि कोणाला पत्ता नाही. त्यात रविवारच्या पुरवणीत हा लेख. कात्रण पाठवते आहे, नीट वाच. परदेशातल्या डॉक्टरांना असं दिसलंय की ऐकाकी माणसं कॅन्सरने लवकर जातात, त्यातही पुरुष. तू बावन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, वर शाळाही मुदतीआधी सोडून बसलास. मला तो लेख तुझ्याच नावाने छापल्यासारखा वाटला.

आपल्या वाडीतल्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी माझ्या जितेंद्रच्या हाती तुमच्या वॉचमनकडे ठेवते आहे. वर येऊन दार वाजवलं तर तू उघडत नाहीस, असं तो म्हणतो. गणपतीला मात्र यायचंच. तुझ्या मंत्रपुष्पांजलीशिवाय आमच्याकडची आरती संपत नाही. पंचवीस वर्षांत खंड नाही.

तुझी,
लीलाताई

———

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व,
१२ ऑगस्ट १९९९

ती. सौ. लीलाताईस एकट्या एकनाथाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालण्याइतकी मोकळी जमीन या फ्लॅटमध्ये आहे, हा एकटेपणाचा पहिला फायदा.)

‘ऐकाकी’ नव्हे, ‘एकाकी’. माझ्या मरणाची काळजी खुशाल कर, पण बिचाऱ्या ‘ए’च्या डोक्यावर विनाकारण मात्रा चढवू नकोस.

कात्रण तीनदा वाचलं. एक गोष्ट समजली नाही. घरात माणसं किती, हे शरीरातल्या पेशीला कळतं कसं? ती रेशनकार्ड मागते? की दारावरची पाटी वाचते आणि म्हणते, चला, एकच नाव आहे, इथे पसरायला हरकत नाही? कर्क म्हणजे खेकडा, तुमची आगाशीची चिंबोरी. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या चिंबोऱ्या भरल्या घरातल्या पातेल्यातच शिरल्या. एकट्यासाठी रस्सा कोण करत बसतो?

लेखकाने शेवटी उपायही दिला आहे: लोकांत मिसळा. मी लगेच मिसळलो. रमेशरावांच्या शोकसभेला गेलो. सोसायटीने उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली. त्या गृहस्थाने चार दिवस पाळली होती, ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. मग वासाचा विषय निघाला, लिफ्टचा निघाला, पुढच्या वेळी दार फोडावं लागलं तर सुतार कोणी आणायचा हा निघाला. पुढच्या वेळी! हे म्हणताना सेक्रेटरींनी माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहणं मी जन्मभर विसरणार नाही, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत. शेवटी ठराव झाला की एकट्या राहणाऱ्या सभासदांनी जास्तीची किल्ली ऑफिसात जमा करावी. मी तत्परतेने केली. माझ्या जुन्या पत्र्याच्या ट्रंकेची. शोधू देत.

फोनबद्दल म्हणशील तर ते यंत्र मला ग्राम्य वाटतं. समोर माणूस नाही आणि आपण ‘हॅलो’ म्हणायचं! त्या शब्दाला ना धातू, ना प्रत्यय. पत्रात निदान माणूस वाक्य पुरं करतो.

सुकेळी मिळाली. अलीकडे चिकट पदार्थ नको वाटतात, म्हणून शेजारच्या रोझमेरीबाईंना दिली. या बाई मूळ इथल्याच गास गावच्या. यजमान वारले, मुलगी मस्कतला, आणि त्यांच्या-माझ्यामध्ये बिल्डरने कागदासारखी एक भिंत घातली आहे. सकाळी सहाला मी स्तोत्रं म्हणायला लागलो की दोन वर्षं त्यांनी झाडूच्या दांड्याने ती भिंत ठोकली. “मास्तर, देव बहिरा नाही आणि मी पण नाही!” सध्या मी मौन धरलं आहे. सर्वधर्मसमभाव म्हणतात तो बहुधा हाच.

गणपतीचं बघतो.

तुझा,
एकनाथ

———

आगाशी,
१९ सप्टेंबर १९९९

एकनाथ,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते रागाने देते आहे.

गणपती आले आणि गेले. दर गाडीला माणूस स्टॉपवर उभा केला होता. अर्धा तास आरती थांबवली. शेवटी माझा नातू उमंग म्हणाला, आजी, कॅसेट आहे. मंत्रपुष्पांजली कॅसेटवर लावली! पहिल्या ओळीला बरी चालली, मग मध्येच टेप गुंडाळली गेली आणि तो म्हणणारा जो रडवेला सूर काढायला लागला, की पोरं हसून लोळली. हातात फुलं घेऊन पन्नास माणसं उभी. माझ्या सासूबाई नव्वदीच्या, त्यांना दिसत नाही. त्या विचारतात, “एकनाथचा आवाज असा का गं झाला?”

मी काय सांगू त्यांना?

माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांग. तो लेख पाठवला याचा राग आला का? की आम्ही वाडीतली, शेणामातीची माणसं आता तुला चालत नाही?

लीलाताई

———

एव्हरशाईन सिटी,
२४ सप्टेंबर १९९९

ती. सौ. लीलाताईस सा. न.

सासूबाईंच्या पायांवर माझ्या वतीने डोकं ठेव आणि सांग, की यंत्राने सूर लावला तर असाच लागायचा.

राग नाही. चूक तुझी नाही. शेणामातीचं तर बोलूच नकोस. इथे आम्ही कुंडीतल्या तुळशीसाठी माती विकत आणतो.

न येण्याचं कारण तात्त्विक आहे. मौनाचा अभ्यास चालू आहे, तो मोडवला नाही. गेल्या शनिवारपासून सोमवारपर्यंत मी एकंदर चारच शब्द बोललो. त्यातले ‘पाव किलो’ हे भाजीवाल्याला आणि ‘कोण आहे’ हे दाराला. भाजीवाल्याने ‘काय?’ म्हणून पुन्हा विचारलं, तेव्हा बोट दाखवलं. पूर्वीच्या मुनींना भाजी घ्यायला खाली उतरावं लागत नसे, म्हणून त्यांना जमलं.

पुढच्या वर्षी येईन. टेप दुरुस्त करून ठेव, उपयोगी पडेल.

एकनाथ

———

एव्हरशाईन सिटी,
८ ऑक्टोबर १९९९

सौ. लीलाताई यांस रोझमेरीचा नमस्कार.

आपली ओळख नाही, पण मी तुमची सुकेळी खाल्ली आहेत, म्हणून लिहायचा धीर केला. तुमचा पत्ता तुमच्याच पाकिटामागे होता. पोस्टमन मास्तरांची पत्रं नेहमी माझ्या पेटीत टाकतो.

आज असंच एक कार्ड माझ्या पेटीत आलं. मी लोकांची पत्रं वाचत नाही. पण उघडं कार्ड डोळे मिटून कसं द्यायचं? मुंबईच्या मोठ्या इस्पितळाचं आहे. लिहिलंय, ‘२५ ऑक्टोबर, सकाळी ९ वाजता येणे. मागील वेळेप्रमाणे न करता नातेवाईक स्वयम यांना सोबत आणणे आवश्यक.’

लीलाताई, मास्तरांना मुलगा आहे का? दोन वर्षांत मी त्यांच्याकडे कोणाला येताना पाहिलं नाही. कार्ड द्यायला गेले तर त्यांनी दार बोटभर उघडलं, कार्ड घेतलं, मान हलवली आणि दार लावलं. थँक्यू पण नाही. ते असे नव्हते. त्यांना भांडायला आवडायचं.

आणखी एक. त्यांचं सकाळचं म्हणणं आता बंद आहे. मी त्यावर तक्रार करायचे, भिंत ठोकायचे. पण खरं सांगते, मी त्याच्यावरच उठत होते. आता दोनदा माझी चर्चमधली सकाळची मिस्सा चुकली. फादरना काय सांगणार, मास्तर बंद पडले म्हणून?

आगाऊपणाची माफी असावी.

रोझमेरी

———

आगाशी,
१२ ऑक्टोबर १९९९

एकनाथ,

स्वयम कोण?

आधी या प्रश्नाचं उत्तर दे, मग मात्रा आणि वेलांट्या काढत बस. स्वयम कोण, कोणाचा, कधीचा? नाव नवीन आहे, म्हणजे पोरगा लहान असणार. आई कोण? जिवंत आहे का? तुझ्यासाठी मी सात मुली पाहिल्या. त्यातली ती वसुंधरा तर तुझं संस्कृत ऐकूनही तयार होती! दर वेळी “ताई, गृहस्थाश्रम माझ्या प्रकृतीला मानवत नाही.” आणि हा स्वयम मानवला?

मला राग मुलाचा नाही. मूल देवाचं असतं. त्याला मी मांडीवर घेतलं असतं रे, सासूबाईंनी दृष्ट काढली असती. राग याचा, की पंचवीस गणपती माझ्या घरी जेवलास आणि मला परक्या बाईच्या पत्रातून कळलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

लीलाताई

ता. क. पाकीट चिकटवलं आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. परत फोडलं. ते कार्ड इस्पितळाचं का आहे? तुला काय झालंय?

———

एव्हरशाईन सिटी,
१६ ऑक्टोबर १९९९

ताई,

पितृपदाबद्दल आभार. आता शिरावरची पगडी काढून ठेवतो आणि खरं लिहितो.

माझा आवाज गेला आहे. मौनबिन काही नाही. उन्हाळ्यापासून घोगरा होत होता, म्हणजे तसा असावा. मला नक्की सांगता येत नाही, कारण मी स्वतःशी मोठ्याने बोलत नाही. शाळेत शेवटी वर्गात मागच्या बाकावरून “सर, ऐकू येत नाही” यायला लागलं, तेव्हा मला वाटलं पोरांचे कान बिघडले. राजीनामा दिला तो त्या तिरीमिरीत. ऑगस्टमध्ये तुझं कात्रण आलं. त्याची टिंगल करणारं पत्र पेटीत टाकलं आणि दोन दिवसांनी मुंबईला इस्पितळात गेलो. ते मात्र तुला लिहिलं नाही.

डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली. म्हणाले, तुकडा काढून तपासायला हवा. त्याला भूल लागेल, आणि भुलीसाठी सोबत आपलं माणूस हवं. एक फॉर्म दिला. त्यात ‘सोबतीचे नाव’ असा रकाना. मी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘स्वयम्’. म्हणजे आपला आपण. मी त्या ‘म’चा पाय नीट मोडला होता, ताई. खिडकीतल्या कारकुनाने तो हाडवैद्यासारखा जोडून टाकला आणि मला मुलगा झाला.

“काका, मुलगा का? स्वयम. छान नाव आहे. आमच्या साहेबांच्या नातवाचं पण हेच.”

मी समजावणार होतो. पण अव्यय म्हणजे काय, हे कुजबुजत्या आवाजात, मागे चाळीस माणसांची रांग असताना, कसं समजावतात? मान हलवली.

सप्टेंबरमध्ये, तुमचे गणपती बसले होते त्याच आठवड्यात, तारीख होती. बाकावर बसलो. आतून बाई ओरडली, “एकनाथांचे स्वयम कोण? स्वयम आहेत का?” सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ताई, मीही मागे वळून पाहिलं. तिसऱ्या हाकेनंतर शिपाई शेजारी येऊन बसला. म्हणाला, “नाही आला ना? हल्लीची पोरं अशीच. वेळेला पाठ.” आणि मी माझ्या नसलेल्या मुलाची त्याच्याबरोबर दहा मिनिटं यथेच्छ निंदा केली. मन हलकं झालं. मग घरी आलो.

आता दुसरी तारीख आली आहे. मी जायचं नाही असं ठरवलं आहे. तुकडा काढतील, नाव सांगतील, मग गळा उघडून स्वरयंत्र काढतील. माझ्याकडे तेवढीच एक वस्तू बरी होती. बाकी सगळा माल तसा सामान्यच.

तुझं नाव त्या रकान्यात का लिहिलं नाही, हे तू विचारणार. विचारू नको, सांगतो. जोवर मला एकट्यालाच माहीत आहे, तोवर ही माझी एक शंका आहे आणि शंकेशी मला वाद घालता येतो. तू सोबत आलीस की ती बातमी होईल. ‘सहाय’ या शब्दाचा मूळ अर्थ बरोबर जाणारा, एवढाच. असहाय म्हणजे ज्याच्याबरोबर कोणी जात नाही तो. मी पोरांना हा शब्द तीस वर्षं शिकवला. परीक्षेत दोन गुणांना यायचा.

एकनाथ

———

आगाशी,
१९ ऑक्टोबर १९९९

एकनाथ,

पंचवीसला सकाळी साडेपाचला मी जितेंद्रबरोबर रिक्षाने तुझ्या दारात उभी असेन. रोझमेरीबाईंना चार अक्षरं टाकली आहेत, त्याही येताहेत. दार बोटभर नाही, सगळं उघडायचं.

शंकेशी वाद घालतोस काय? घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिला जिंकता आलं.

यायचं की नाही हे तुला विचारलेलं नाही. उलट उत्तर देऊ नकोस. नाहीतरी आवाज कुठाय?

लीलाताई

———

एव्हरशाईन सिटी,
६ फेब्रुवारी २०००

ती. सौ. लीलाताईस सा. न.

टाके सुकले. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो, वर तू शिवलेला मलमलीचा रुमाल बांधतो. आरशात एखाद्या सरदारासारखा दिसतो. तू परवाच आगाशीला परत गेलीस, तेव्हा खबरबात लिहिण्यासारखी नाही. पण तुझ्यादेखत पाटीवर लिहिता आल्या नाहीत, अशा दोन-चार गोष्टी आहेत.

पहिली. पंचवीस ऑक्टोबरला डॉक्टरांनी विचारलं, “आवाज कधीपासून बसला?” मी खांदे उडवले. तू म्हणालीस, “गणपतीच्या आधी कधीतरी.” आणि मागून रोझमेरीबाई म्हणाल्या, “राखेच्या बुधवारपासून.” डॉक्टरांनी वर पाहिलं.

“नक्की?”

“नक्की म्हणजे काय हो! त्या दिवशी मला देवळात कपाळाला राख लावून घ्यायची होती. सहाला यांचं सुरू झालं ते फाटक्या ढोलासारखं. मला वाटलं दुसराच कोणी आलाय. फेब्रुवारी होता. मग रोज थोडं थोडं खाली जात गेलं.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि तुकड्याचा निकाल आल्यावर मला म्हणाले, “तेव्हाच आला असतात तर नुसत्या किरणांवर भागलं असतं. आवाजही राहिला असता कदाचित.”

मी तुला ऑगस्टमध्ये मोठ्या ऐटीत विचारलं होतं, की घरात माणसं किती हे पेशीला कळतं कसं. तिला कळत नाही, ताई. तिला कळायची गरजही नाही. माझा आवाज बसला हे कळायला एक कान हवा होता. तो भिंतीपलीकडे होता, आणि त्याच्याशी माझं भांडण होतं. ते कात्रण मी परत काढून वाचलं. त्यात हे लिहिलेलं नाही. पण त्या लेखकाची मी जी थट्टा केली, ती मागे घेतो. उपायाच्या परिच्छेदाची मागे घेत नाही. तो भिकारच आहे.

दुसरी. स्वरयंत्र काढायला भरती व्हायच्या दिवशी त्या खिडकीतल्या कारकुनाने जुना फॉर्म काढला आणि तुला विचारलं, “सोबत स्वयम लिहिलंय. तो नाही आला?” मी पाटीवर खुलासा लिहायला घेतला होता. तेवढ्यात तू पदर सावरून म्हणालीस, “स्वयम ना? तो वारला हो.”

त्याचा चेहरा काय पडला! “अरेरे. लहान होता का?”

“बावन्न वर्षांचा.”

मी हसलो. घोगरा, फाटका, पण हसलो, बाकाला धरून हसलो. रोझमेरीबाईंनी पाठीवर थापटलं. रकान्यात त्याने ‘स्वयम’ खोडून तुझं नाव लिहिलं, खाली त्यांचं. “तुम्ही कोण लागता?” असं त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, “मी यांची भिंत.” त्याने ‘बहीण’ लिहिलं. त्या माणसाला एकही शब्द धड लिहिता येत नाही.

दुपारी भूल दिली. तेव्हा माझ्या आवाजातून निघालेली शेवटची वस्तू म्हणजे ते हसू. तीस वर्षं मी बजावत आलो होतो, की माझा शेवटचा उच्चार शुद्ध असेल. तू तोही बिघडवलास. त्याबद्दल मी तुझा फार ऋणी आहे. हे पाटीवर लिहून दाखवलं असतं तर तू रडली असतीस.

तिसरी, फोनची. तो मी आता उचलणार आहे. रोज संध्याकाळी सातला कर. तू बोल, मी रिसीव्हरवर पेन्सिल वाजवीन. एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे तुझं व्याकरण चुकलं. गणपतीला मी येतो आहे. मंत्रपुष्पांजली उमंगने म्हणायची, मी समोर पेन्सिल घेऊन बसेन. आतापासून पाठ करायला लाव. विसर्ग खाल्ले तर तीन टकटक, सासूबाईंना दिसत नसलं तरी ऐकू येतं.

राहता राहिली किल्ली. सोसायटीला दिलेली ट्रंकेची आहे, तशीच राहू दे. खरी मी रोझमेरीबाईंना दिली. सकाळी सहाला मी उलथन्याने भिंतीवर तीन ठोके देतो. पलीकडून झाडूच्या दांड्याचे तीन येतात. पूर्वी ते ‘गप्प बसा’ असे असत. आता त्यांचा अर्थ काय, हे आम्ही एकमेकांना विचारलेलं नाही. त्यांची मिस्सा चुकत नाही.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. काल मी मुद्दाम ठोकलंच नाही. उलथनं मांडीवर घेऊन, घड्याळाकडे बघत बसलो. म्हटलं, बघू तरी ही बाई किती वेळ लावते. रमेशरावांना चार दिवस लागले होते.

सहा वाजून दोन मिनिटांनी कुलपात किल्ली फिरली. बाई आत आल्या, एका हातात झाडू, केस मोकळे, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मला धडधाकट बसलेला पाहिला आणि जे बोलल्या, ते गासच्या घरगुती बोलीत होतं. मला निम्मंच समजलं.

व्याकरण निर्दोष होतं.

तुझा,
एकनाथ